‘ठाऊक’ आणि ‘ठरलेले’

नवापूरच्या एका वाचकांनी त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) वाटल्या गेलेल्या पत्रकातले एक वाक्य पाठवले आहे: ‘देवाला सर्व आधीच ठरलेले माहीत आहे, तरी माणसाला स्वेच्छा आहे, म्हणून प्रार्थना करा.’ हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते असे त्यांना वाटते, आणि दोष मराठीचा की विचाराचा, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते बराचसा दोष ‘ठरलेले’ या शब्दाचा आहे. ‘ठाऊक असणे’ आणि ‘ठरणे’ या वेगळ्या गोष्टी असल्या, तरी सटवाईने कपाळी लिहिलेले पुसता येत नाही असे ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला त्या सहज एक वाटतात. सर्वज्ञ म्हणजे सर्व जाणणारा. सर्व ठरवणारा नव्हे. (महानुभाव मंडळी ‘सर्वज्ञ’ म्हणतात ते चक्रधरस्वामींना, तो अर्थ येथे बाजूला ठेवू.) देवाने सर्व ठरवलेही आहे, असे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले ख्रिस्ती मानतात, पण ते स्वतंत्र विधान आहे आणि ते स्वतंत्रपणेच मांडावे लागते.

खरी गंमत आपल्या ‘च’मध्ये आहे. ‘मी उद्या कापूस विकणार हे देवाला ठाऊक असेल, तर मी तो विकणारच’ हे वाक्य बरोबर आहे, कारण मी विकला नसता तर देवाला तेच ठाऊक असते. त्यावरून ‘मला तो विकावाच लागेल’ असे मात्र निघत नाही. ‘-णारच’ आणि ‘-वाच लागेल’ यांतले अंतर मराठी बोलणारे पोरही जाणते; वाद घालताना मोठी माणसे ते विसरतात.

‘आधीच’ हा शब्दही अडचणीचा आहे. सहाव्या शतकात तुरुंगात लिहिताना रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने असा मुद्दा मांडला की देव काळाच्या बाहेर असून त्याला सर्व काळ एकदम समोर दिसतो. म्हणून त्याच्या ज्ञानाला ‘आधी पाहणे’ म्हणू नये, असेही त्याने लॅटिन शब्दाची फोड करून सांगितले. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने उंचावरून सगळी वाट एकदम पाहणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला. आपल्याकडे तो कन्नडच्या घाटमाथ्यावर उभे राहून समजून घ्यावा: चाळीसगावकडून चढणारा ट्रक आणि त्याच्या पुढच्या वळणावरून उतरणारी एसटी वरच्या माणसाला एकाच वेळी दिसतात, पण त्याच्या पाहण्याने कोणाचे स्टिअरिंग वळत नाही.

‘स्वेच्छा’ येथे अपुरा पडतो. स्वेच्छानिवृत्तीतल्याप्रमाणे तो फक्त ‘कोणी भाग पाडले नाही’ इतकेच सांगतो. येथे मुद्दा वेगळे करता आले असते का, हा आहे. म्हणून ‘इच्छास्वातंत्र्य’ बरा.

राहिली प्रार्थना. ‘अर्थ्’ म्हणजे मागणे, हा धातू तिच्या पोटातच आहे, त्यामुळे ‘जो जाणतो त्याच्याकडे मागायचे कशाला’ ही शंका रास्त आहे. पण बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आठव्या वचनात म्हणतो की तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, आणि नवव्यात ‘म्हणून’ या अर्थाचा शब्द घालून प्रार्थना शिकवतो. ‘तरीही’ घालून नव्हे. अक्वायनसचे उत्तर असे की प्रार्थना देवाचे मन वळवण्यासाठी नसते, तर काही गोष्टी मागण्यातूनच मिळाव्यात अशी त्याचीच योजना असते. पावसाआधी कोरड्या मातीत धूळपेरणी करणाऱ्याला हे पटेल: कपाशी किती येणार हे देवाला ठाऊक असेल, तर पेरणी झाली की नाही हेही त्यातच आले. नवसात ‘अमुक झाले तर तमुक वाहीन’ अशी अट असते, म्हणून तेथे मन वळवण्याचा भाव असतो. प्रार्थनेला तो चिकटवला की गोंधळ सुरू होतो. अर्थात आजारी लेकरापाशी बसलेल्या आईला मन वळवायचेच असते, आणि तिला अक्वायनस पुरेल असे मला वाटत नाही.

पत्रकासाठी माझी दुरुस्ती अशी: ‘देवाला सर्व ठाऊक आहे, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे, म्हणून प्रार्थना करा.’ ‘आधीच’, ‘ठरलेले’ आणि ‘तरी’ हे तिन्ही शब्द काढावेत. ‘म्हणून’ राहू द्यावा.