सायन्स फिक्शनची किती पुस्तकं वाचली म्हणजे झालं?

प्रश्न: सर, मी परभणीला बीएस्सी करायलो. क्लासिक सायन्स फिक्शनच्या शंभर पुस्तकांची यादी पाह्यली, त्यातली माझी चारच झालीत, तीबी मराठीतून. मित्र म्हणायलेत हे काय वाचणं झालं का? किती वाचावी लागतील?

उत्तर: भाऊ, चार नीट वाचलीस ना, मग आकड्याच्या मागं लागूच नको. आणि मराठीतून वाचलं तर ते कमी कसं काय, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला त्यावर कितीतरी पोरं वाढली. आता इंग्रज लेखक एच. जी. वेल्सचं ‘टाइम मशीन’ घे, १८९५ चं, छोटंसंच आहे, त्यातला माणूस थेट ८०२७०१ सालात जातो अन् तिथं माणसाच्याच दोन जाती झालेल्या, एक वर उजेडात आयतं खाणारी, दुसरी जमिनीखाली मशिनी चालवणारी, वाचताना यंत्र राहतं बाजूला आणि श्रीमंत-गरीब हेच डोक्यात फिरतं. अशा याद्यांत आपले जयंत विष्णू नारळीकर सहसा नसतात, मला ते लै खटकतं. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. पुढचं पुस्तक त्यांच्या कथांचं ‘यक्षांची देणगी’च घे, कॉलेजच्या लायब्ररीत नसलं तर जिल्हा ग्रंथालयात विचार.