मशीनवरची कॉपी कुठल्या रिव्हिजनची?

आयएसओच्या कागदपत्रांबद्दल तेच ते प्रश्न दर महिन्याला येतात, आणि त्यांतले निम्मे ‘कुणीतरी सांगितलं’ यातून निघालेले असतात. या वेळचे काही:

क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं आहे का? (भोसरी)

आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015च्या आवृत्तीत नाही. वाहनांचे पार्ट बनवत असाल आणि वाहन उद्योगाचं आयएटीएफ 16949 हे मानक हवं असेल, तर लागेल. आधी ग्राहकाचा करार वाचा.

आमच्या सेफ्टी मॅन्युअलवर अजून ओएचएसएएस 18001 छापलेलं आहे. चालेल? (अंबड)

नाही. कामगारांच्या सुरक्षेच्या त्या जुन्या मानकाची जागा 2018मध्ये आयएसओ 45001ने घेतली. नुसता आकडा बदलून छापू नका, कामगारांच्या सहभागाबद्दलच्या अटी वाढल्या आहेत. जाणकाराकडून तपासून घ्या.

एजंट म्हणतो, ‘आठ दिवसांत 9001 आणि 45001 दोन्ही सर्टिफिकेटं, ऑडिटची कटकट नाही, कागद आमचेच.’ घ्यावं का? (वाळूज)

घेऊ नका. आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते सर्टिफिकेशन बॉडी देते, आणि त्या बॉडीला मान्यता लागते. आपल्याकडे ती भारतीय गुणवत्ता परिषदेचं एनएबीसीबी देतं, यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. मान्यता परदेशी असेल तर कोणाची, कुठल्या मानकासाठी, हे लेखी मागा. रीतसर सर्टिफिकेटाआधी दोन टप्प्यांत ऑडिट होतं, नंतर दरवर्षी पाहणी, आणि तीन वर्षांनी नूतनीकरण. कागद बनवून देणारा आणि पास करणारा एकच असेल, तर तिथेच नियम मोडला.

प्रोसिजर रिव्हाइज केल्या, सर्व्हरवर टाकल्या, सगळ्यांना मेल केला. तरी पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसवर जुनी कॉपी सापडली म्हणून ऑडिटरने एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे त्रुटीची नोंद) दिली. एवढ्याशा कागदासाठी? (चाकण)

‘एवढासा’ म्हणू नका. ऑपरेटर सर्व्हर उघडत नाही, भिंतीकडे बघतो. डाय (साचा) बदलायची तुमची जुनी शीट ‘मोटर बंद करा’ एवढंच सांगत असेल, तर मोटर बंद झाल्यावरही फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरत राहतं. तेवढ्यात क्लच लागला की रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येतो, आणि हात आत असतो. नव्या शीटमध्ये फ्लायव्हील थांबेपर्यंत थांबा, वीज तोडणाऱ्या आयसोलेटरला कुलूप लावा, रॅम अडवणारा सेफ्टी ब्लॉक ठेवा, या पायऱ्या आल्या असतील, तर त्या बहुधा कुणाचा तरी हात थोडक्यात वाचल्यावर आल्या असतील. त्या सर्व्हरवर आहेत आणि प्रेसवर नाहीत.

मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे सगळ्या कागदपत्रांच्या यादीत, रिव्हिजन नंबर सगळेच लिहितात. किती कॉप्या आणि कुठे कुठे, हा रकाना मात्र रिकामा असतो. तो भरा. जुनी कॉपी हातात आल्याशिवाय नवी देऊ नका. संदर्भाला ठेवायची ती एकच, ‘रद्द’चा शिक्का मारून, ऑफिसात. सुपरवायझरचा ड्रॉवर उघडून बघा, झेरॉक्स तिथे निघतात. लॅमिनेशनचा मला विशेष राग आहे. लॅमिनेट केलेला कागद कुणी फेकत नाही, त्यामुळे तो चार रिव्हिजन जगतो. शीटवर पेन्सिलीने काही खरडलेलं दिसलं तर ऑपरेटरला ओरडू नका. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. तो बदल रीतसर तपासा आणि मंजूर करून छापा.

आणि भाषा! लाइनवर मराठी, हिंदी, ओडिया बोलणारी माणसं आणि भिंतीवर सहा पानी इंग्रजी. माहिती पोहोचवताना भाषा आणि साक्षरता विचारात घ्या, हे 45001 स्पष्ट सांगतं. फोटो लावा, एक पान करा, आणि लिहिताना मशीन चालवणाऱ्यालाच शेजारी बसवा. मात्र सुरक्षेची पायरी एकट्याने ठरवू नका. सेफ्टी ऑफिसर आणि प्रेस बनवणाऱ्याचं मॅन्युअल, दोन्हींना विचारा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रोसिजर टाकली तर? (गोकुळ शिरगाव)

बदल झाला हे कळवायला ठीक. पण ती नियंत्रित (कुठे आहे याची नोंद असलेली, परत घेता येणारी) कॉपी नव्हे, जुनी फाइल फोनमधून परत कोण घेणार?

रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचे असं ऐकलं. (सातपूर)

कुणाकडून? 9001 असा सरसकट आकडा देत नाही. मुदत तुम्ही ठरवायची, कायदा आणि ग्राहकाचा करार पाहून. कामगारांच्या आरोग्य तपासणीचे किंवा घातक रसायनांचे रेकॉर्ड फाडण्याआधी कायदा सल्लागाराला विचारा.

9001ची नवी आवृत्ती येणार म्हणतात, तोवर थांबू का? (मिरज)

कशाला? 2008ची 2015 झाली तेव्हा बदलायला तीन वर्षं दिली होती.

एनसी बंद करायची मुदत शुक्रवारी संपते. ट्रेनिंग झालेलं नाही. मागच्या तारखेची शीट भरली तर? (नाव नको)

ती खोटी नोंद होईल. हजेरीच्या रजिस्टरशी ताडून पाहिली की लगेच उघडी पडेल. सर्टिफिकेशन बॉडीला आजच मेल करून खरी अडचण सांगा, मुदत मागा, आणि ट्रेनिंग उद्याच्या पहिल्या शिफ्टला घ्या.