आधी टेप घे, मग अहवाल लिही

प्रिय विद्यार्थिनी,

लिंगभाव समानतेच्या आत्मपरीक्षण समितीवर तुला घेतलं, हे वाचून बरं वाटलं. संस्थांनी स्त्री-पुरुष समानता स्वतःच तपासावी यासाठीचा केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा ‘गती’ आराखडा ब्रिटनच्या २००५ सालच्या, याच हेतूच्या अथेना स्वान सनदेवरून प्रेरित आहे आणि तो चांगला आहे. तरी अनेक ठिकाणी कोष्टकं भरली जातात, ८ मार्चला व्याख्यान होतं आणि फाइल कपाटात जाते. तुझ्या हातून तसं होऊ नये, म्हणून हे पत्र.

पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी लेखी माग. समितीचं काम तुझ्या कार्यभारात धरलं जावं आणि कुलसचिव कार्यालयाचा एक अधिकारी सदस्य असावा. त्याच्याशिवाय आस्थापना विभाग तुला आकडे देणार नाही.

‘आमच्याकडे इतके टक्के मुली आहेत’ या वाक्यावर थांबू नकोस. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा काढल्या आणि प्रमाण २०२० पर्यंत १४ वरून २० टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. मुलांच्या जागा त्यात कमी झाल्या नाहीत. हे उपाय हवेतच. पण पदवीचा आकडा बराचसा प्रवेशाच्या नियमांमुळे येतो, विभागाची वागणूक त्याच्या पुढे दिसते. म्हणून पदवी, पदव्युत्तर, पीएचडी नोंदणी, पीएचडी पूर्ण, सहायक, सहयोगी आणि प्राध्यापक असे सात टप्पे मांड. आकडे पाच वर्षांचे घे आणि प्रत्येक विभागाचे वेगळे ठेव. कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलची बेरीज केलीस की मेकॅनिकलचा खड्डा झाकला जातो. जिथे बाराच अध्यापक आहेत, तिथे टक्केवारी नको, सरळ संख्या लिही. एक निवृत्ती झाली तरी टक्का आठने हलतो.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते गुपचूप वाटलं जाणारं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९९० च्या दशकात नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञाने टेप घेऊन प्रयोगशाळा मोजल्या आणि पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला जागा कमी मिळाल्याचं दाखवलं. त्यातून सुरू झालेल्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये निघाला. जागा, पगार, निधी, पुरस्कार या सगळ्यांत तफावत होती. अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी प्रस्तावनेत मान्य केलं की हा भेदभाव समजुतीपेक्षा वास्तवच अधिक आहे. चौरस फुटांपुढे वाद टिकला नाही.

तूही तेच कर. प्रत्येक अध्यापकाची प्रयोगशाळेची जागा, सुरुवातीचा संशोधन निधी, वाट्याला आलेले पीएचडी विद्यार्थी आणि समित्या एका तक्त्यात आण. समित्यांचा रकाना नीट वाच. सांस्कृतिक, वसतिगृह, स्वागत बायकांकडे आणि खरेदी, वित्त, संशोधन पुरुषांकडे, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. पदोन्नतीच्या वेळी पहिल्या कामांना वजन मिळत नाही, दुसऱ्यांतून ओळखी आणि निधी येतो.

मग एसईएमचं, म्हणजे सामायिक वापरातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं, लॉगबुक उघड. रात्री आठनंतरच्या वेळा कोणाच्या नावावर आहेत? मुलींच्या वसतिगृहाचं दार साडेनऊला बंद होत असेल, तर ते यंत्र निम्म्या संशोधकांसाठी अर्धा दिवसच चालतं. उपाय मुलींना दिवसाच्या वेळा राखून देण्याचा नाही. प्रवेशाची वेळ बदलायची, परतीच्या वाहनाची सोय करायची. वर्कशॉपही बघ: सेफ्टी शूज पाच नंबरचे आहेत का, हातमोजे लहान मापाचे आहेत का, स्वच्छतागृह त्याच इमारतीत आहे का? सैल हातमोज्यातून वस्तूवरची पकड सुटते, ही गोष्ट सोयीची नाही, सुरक्षेची आहे.

नेमणुकीत अर्ज, छाननी, मुलाखत आणि निवड या प्रत्येक पायरीवर किती स्त्रिया उरल्या, ते मोज. अमेरिकेत २०१२ साली १२७ विज्ञान अध्यापकांना एकच अर्ज दाखवला, कोणाला पुरुषाच्या नावाने, कोणाला स्त्रीच्या. पुरुषाचा अर्ज अधिक लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त सुचवला गेला. स्त्री अध्यापकांनीही तेच केलं. म्हणून केवळ सदिच्छेवर भागत नाही. अर्ज उघडण्याआधी निकष आणि त्यांचे गुण ठरवून सह्या घ्या. ‘लग्न झालंय का, मिस्टर कुठे असतात?’ हे प्रश्न बाद, हे मुलाखत मंडळाला आधीच लेखी कळवा.

पीएचडीच्या मुलींना नियमच माहीत नसतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते आणि मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. अडतं ते पुढे. रजा मंजूर होते, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं कल्चर सांभाळायला कोणी नसतं आणि प्रकल्पाची मुदत संपते. म्हणून रजेआधी मार्गदर्शकाबरोबर एक पान लिहून घ्यायला लाव: प्रयोग कोण चालवणार, गरोदरपणात कोणती रसायनं टाळायची, शोधनिबंधात नावांचा क्रम काय, फेलोशिपबाबत निधीसंस्थेला पत्र कधी जाणार.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची यादीही तपास. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार तिच्यावर बसता येत नाही. अनेक फलकांवर हीच नावं सापडतील.

मेकॅनिकल आणि सिव्हिलचे तक्ते आधी पूर्ण कर आणि मला पाठव. नावं काढून पाठव. दोनच स्त्रिया असलेल्या विभागात पदावरूनही माणूस ओळखू येतं, तेव्हा ते रकाने एकत्र कर.