स्क्विड प्रॉक्सीच्या लॉगमध्ये सतत 'स्वॅपफेल' का येतं?

गोरेगावच्या तुमच्या क्लासमधला स्क्विड (मुलांच्या मशीन आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून, आलेली पानं पुन्हा वापरायला डिस्कवरच्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये ठेवणारा प्रॉक्सी) उबुंटूवर चालतो, मागच्या पावसात बिल्डिंगची वीज गेली आणि तेव्हापासून ॲक्सेस लॉगमध्ये 'टीसीपी_स्वॅपफेल_मिस'च्या ओळींवर ओळी येतायत. रॅम वाढवू का, असं विचारलंयत. नका वाढवू, रॅमचा इथे काही संबंध नाही.

स्वॅपफेल म्हणजे स्क्विडच्या यादीत फाइल आहे, पण डिस्कवर ती सापडत नाही किंवा वाचता येत नाही. ही यादी कॅशच्या फोल्डरमध्ये 'स्वॅप.स्टेट' या फाइलमध्ये असते. मशीन धाडकन बंद पडलं की यादी एक सांगते, डिस्क दुसरंच. पान मूळ सर्व्हरवरून पुन्हा येतं, म्हणून मुलं तक्रार करत नाहीत.

फोल्डर उडवण्याआधी कॅश लॉग वाचा, ही माझी कळकळीची विनंती. तिथे 'परमिशन डिनाइड' असेल, तर फोल्डरची मालकी 'प्रॉक्सी' या युजरकडे द्या, काम झालं. 'नो स्पेस लेफ्ट' असेल, तर कॅशला अख्खी डिस्क दिलेली असणार. निदान २० टक्के मोकळी ठेवा. कर्नलच्या (उबुंटूच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये डिस्कचेच एरर दिसले, तर डिस्क बदला.

यातलं काहीच नसेल, तर स्क्विड बंद करा, जुन्या फोल्डरचं नाव बदला, नवं करून मालकी द्या, 'स्क्विड -झेड' (रिकाम्या कॅशची रचना करणारी कमांड) चालवा आणि मग सुरू करा. जुनं फोल्डर रात्री सावकाश डिलीट होऊ दे. बंद करताना स्क्विड ३० सेकंद थांबतो, चालू कनेक्शन संपायची वाट बघतो. अडकलाय समजून लोक 'किल -९' (जबरदस्तीने तत्काळ बंद करणारी कमांड) मारतात आणि यादी पुन्हा बिघडते. यूपीएसनेही तेवढा वेळ दिलाच पाहिजे.

आणखी एक. एचटीटीपीएसची पानं स्क्विडमधून नुसती आरपार जातात, लॉगमध्ये 'टीसीपी_टनेल' दिसतं. ती कॅश होत नाहीत. तुमच्याकडे खरा फायदा आहे तो उबुंटूच्या अपडेटचा, कारण ती पॅकेजेस बहुधा साध्या एचटीटीपीवरून येतात आणि लॅबमधलं प्रत्येक मशीन तीच मागतं. पण 'मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइज' ही स्क्विडच्या सेटिंग फाइलमधली मर्यादा मुळात ४ एमबी असते, त्याहून मोठं पॅकेज साठवलंच जात नाही. ती वाढवा, आणि ती ओळ 'कॅश_डिर'च्या (कॅशचं फोल्डर सांगणाऱ्या) ओळीच्या वर लिहा. खाली लिहिली तर डिस्कच्या कॅशला जुनीच मर्यादा राहते.