दोन क्विझ, एक लाइनबॅकर आणि मुलाची ट्यूटरची नोकरी

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या मिडवेस्टात. मोठा मुलगा स्टेट युनिव्हर्सिटीत सोफोमोर (दुसऱ्या वर्षाला) आहे, डेटा सायन्स करतोय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण शनिवारी फुटबॉलची गेम असली की अख्ख्या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही एवढं सांगते. त्याला अ‍ॅथलेटिक्सच्या स्टडी सेंटरमध्ये ट्यूटरची नोकरी लागली, खेळाडूंना स्टॅट्स शिकवायचं. आम्ही खूष होतो, कारण एच-फोरवर (आमच्या वर्क व्हिसावर अवलंबून असणाऱ्यांचा व्हिसा) असताना त्याला साधी पिझ्झाच्या दुकानात नोकरी करता येत नव्हती, आता एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) करून घेतल्यावर निदान कॅम्पसवर तरी काम करता येतंय. परवा फोनवर सहज बोलता बोलता म्हणाला की फुटबॉल टीममधल्या एका लाइनबॅकरच्या (बचावफळीतला खेळाडू) लॉगिनने ह्यानेच दोन ऑनलाइन क्विझ सोडवून दिल्या, तो अवे गेमला होता आणि डेडलाइन रात्री बाराची होती. त्याने व्हेन्मोवर चाळीस डॉलर पाठवले ते ह्याने परत केले. माझ्या पोटात गोळाच आला. मिस्टर म्हणतात, एवढं काय त्यात, आम्ही इंजिनीअरिंगला ड्रॉइंगच्या सगळ्या शीट जीटी मारून (काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवून) काढल्या, सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं होस्टेल जर्नल उतरवत बसायचं, कुणाचं काय बिघडलं? आता गप्प बसायचं, पुन्हा करायचं नाही, विषय संपला. तुम्हाला काय वाटतं? आणि धाकटीलाही तिथेच जायचंय, उद्या टीमवर काही बालंट आलं तर तिच्या फीवर वगैरे परिणाम होतो का?

— एक आई

ताई, गोळा आला ते बरोबरच आहे. आणि मिस्टरांना सांगा की जीटी मारताना शीट त्यांची होती, मार्क त्यांचे होते, पकडलं असतं तर सरांनी शीट फाडली असती आणि वर्गासमोर दोन शब्द ऐकवले असते, बस्स. इथे क्विझ एका फुटबॉलपटूची आहे. त्याला मैदानावर उतरायला ठराविक क्रेडिट आणि ठराविक ग्रेड लागतात, त्या दुसऱ्याने मिळवून दिल्या असं सिद्ध झालं की तो अपात्र, आणि तो ज्या ज्या गेममध्ये खेळला त्या जिंकलेल्या गेमसुद्धा एनसीएए (कॉलेजच्या खेळांवर देखरेख ठेवणारी संस्था) मागाहून रेकॉर्डमधून काढून टाकू शकते. आणि ट्यूटर म्हणजे ह्या बाबतीत ‘वर्गातला मित्र’ नाही, कॉलेजचा पगारी माणूस. सगळी गोम तिथेच आहे.

मिझूरी विद्यापीठाचं प्रकरण मिस्टरांना जरूर वाचायला द्या, ते जवळजवळ तुमच्याच घरातलं वाटेल. तिथल्या एका गणिताच्या ट्यूटरने वर्षभराच्या काळात १२ खेळाडूंचं काम करून दिलं, ऑनलाइन कोर्सच्या असाइनमेंट, काहींची तर आख्खी परीक्षा. २०१६ च्या शेवटी त्या ट्यूटरने स्वतःच जाऊन सांगितलं. मुलं पास झालीच पाहिजेत असं आपल्यावर दडपण होतं हे तिचं म्हणणं, पण तिला वरून कुणी असं करायला सांगितलं होतं असा पुरावा काही सापडला नाही. जानेवारी २०१९ मध्ये निकाल आला: फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल तिन्हींना एक वर्ष पोस्टसीझन (नेहमीचा सीझन संपल्यावरच्या स्पर्धा) बंद, तीन वर्षं प्रोबेशन, दंड, स्कॉलरशिपमध्ये कपात, आणि त्या ट्यूटरवर दहा वर्षांचा ‘शो-कॉज’, म्हणजे त्या काळात कुठल्याही कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये नोकरी द्यायची तर त्या कॉलेजने आधी एनसीएएसमोर उत्तर द्यायचं. कोण कशाला घेईल मग? आता दुसरी बाजू बघा. त्याच्या थोडंच आधी केली ब्रायंट नावाचा क्वार्टरबॅक क्लेमसन विद्यापीठ सोडून शेवटचं वर्ष खेळायला मिझूरीत आला होता, त्याचा ह्या भानगडीशी काडीचा संबंध नाही. सीझन ६-६ असा संपला, म्हणजे एरवी बोल गेमसाठी (सीझननंतरचा मानाचा सामना) टीम पात्र ठरली असती, पण अपील त्याच आठवड्यात फेटाळलं गेलेलं, त्यामुळे डिसेंबरात सगळे घरी. आणि कोचला शेवटच्या गेमच्या दुसऱ्या दिवशी नारळ.

नोट्रे डेमचंही तसंच. तिथे तर टीमची स्टुडंट ट्रेनर होती, म्हणजे पाण्याच्या बाटल्या नि टेप घेऊन बाजूला उभी राहणारी कॉलेजचीच विद्यार्थिनी. तिने दोन खेळाडूंचं अभ्यासाचं काम करून दिलं, आणखी काहींना नियमाबाहेरची मदत केली. २०१६ मध्ये एनसीएएने २०१२ आणि २०१३ च्या मिळून २१ विजय पुसून टाकले, त्यात २०१२ चा तो १२-० चा रेग्युलर सीझनसुद्धा गेला. हा विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना केलेला प्रकार आहे असं सांगून विद्यापीठ भांडलं, अपिलात गेलं, काही उपयोग झाला नाही. त्यामुळे ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य तुमच्या घरातल्यापेक्षा बरंच वजनदार लोक बोलून बसलेत.

आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, कॉलेज फुटबॉलमधल्या शिक्षा वर्षानुवर्षं अशाच चालत आल्या. यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) रेजी बुशने कॉलेजात असताना एजंट मंडळींकडून पैसे, घर वगैरे घेतल्याचं प्रकरण, शिक्षा झाली जून २०१० मध्ये, तोवर तो चार वर्षं एनएफएलमध्ये (व्यावसायिक फुटबॉल लीग) खेळत होता आणि कोच पीट कॅरोल त्याच जानेवारीत सिअ‍ॅटलला गेलेले. ३० स्कॉलरशिप गेल्या आणि दोन वर्षं बोल बंद, ती भोगली तेव्हा शाळेत असणाऱ्या पोरांनी. बुशची परत केलेली हाइझमन ट्रॉफीसुद्धा (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) २०२४ मध्ये त्याला परत मिळाली बरं का. टेक्ससच्या एसएमयू विद्यापीठाचं तर विचारूच नका. खेळाडूंना पैसे वाटताना आधीच पकडले गेलेले, प्रोबेशनवर असतानाही वाटप चालूच, शेवटी १९८७ चा सीझनच रद्द केला, १९८८ चा कॉलेजने स्वतःच सोडला, आणि मग पुढची बोल गेम खेळायला २००९ उजाडलं.

ओहायो स्टेटची गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगते, कारण मिस्टरांचं ‘गप्प बसायचं’ तिथे पुरतं अंगाशी आलं. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या खेळाडूंना सोन्याची इवलीशी पँट मिळते, चार्मसारखी, तिला ‘गोल्ड पँट्स’च म्हणतात. ह्या पँट्स, चॅम्पियनशिपच्या अंगठ्या, जर्सी असल्या वस्तू काही खेळाडूंनी एका टॅटूवाल्याच्या दुकानात देऊन टॅटू आणि पैसे घेतले. आज ऐकलं तर हसू येईल, स्वतःचीच वस्तू विकली ना? डिसेंबर २०१० मध्ये पाच जणांना पाच-पाच गेमची बंदी झाली, तिथवर ठीक. पण मग कळलं की कोच जिम ट्रेसेलना एप्रिलमध्येच ह्याबद्दल ईमेल आली होती, त्यांनी ती कम्प्लायन्सला (नियम पाळले जातात का ते बघणारं कॉलेजचं ऑफिस) दिली नाही आणि वर मला कुठल्याही नियमभंगाची माहिती नाही अशा कागदावर सप्टेंबरात सही केली. मे २०११ मध्ये राजीनामा, मग पाच वर्षांचा शो-कॉज, आणि २०१२ ची टीम नव्या कोचखाली १२-० जिंकूनही बोल गेमला जाऊ शकली नाही. टॅटूने कोच गेला नाही, लपवल्याने गेला. (ट्रेसेल २०२५ मध्ये ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. मोठी माणसं पडली तरी गादीवर पडतात. तुमच्या मुलाला ती सोय नाही.)

तर आता करायचं काय. पहिलं म्हणजे मेसेज, व्हेन्मोची नोंद, काहीही डिलीट करू नको असं त्याला आज रात्रीच सांगा. पैसे परत केलेत हा त्याच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा आहे आणि घाबरून तोच पुसला जातो. त्या लाइनबॅकरशी ह्या विषयावर चॅट करायचं नाही, ‘आपण दोघांनी असं असं सांगू’ हे तर अजिबात नाही, चौकशीत खोटं बोलणं हा वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा धरला जातो. दुसरं म्हणजे तुम्ही किंवा मिस्टरांनी डीनला फोन करायचा नाही. एक तर मुलाच्या लेखी संमतीशिवाय ते सहसा तुमच्याशी बोलणारच नाहीत, आणि दुसरं म्हणजे ह्यातून तो पोरगा आहे आणि आईबाप निस्तरतायत असंच दिसतं.

माझं मत विचाराल तर त्याने स्वतः सांगावं, आणि लवकर. पण सांगायच्या आधी एक तास इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं, हे मी ठासून सांगते, कारण तो एफ-वनवर आहे. अमेरिकन सिटिझन मुलाला एक सेमिस्टर सस्पेन्शन म्हणजे घरी बसायचं, एफ-वनच्या मुलाचं सस्पेन्शन झालं तर त्याचं सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) बंद होऊ शकतं, म्हणजे थेट स्टेटसचाच प्रश्न. इंटरनॅशनल ऑफिसमधली माणसं प्रेमळ असतात पण ती विद्यापीठाची नोकर आहेत, तिथे जाऊन आधी मन मोकळं करायचं नाही. बहुतेक मोठ्या कॅम्पसवर ओम्बड्सचं (तक्रारी तटस्थपणे ऐकणाऱ्याचं) ऑफिस असतं, तिथलं बोलणं साधारणपणे गुप्त राहतं, पुढची वाट कशी आहे ते विचारायला ती जागा बरी. स्टुडंट लीगल सर्व्हिस असते तीही फुकट, पण प्रकरण विद्यापीठाविरुद्धचं असलं की ते बऱ्याचदा हात वर करतात. मग वकिलाशी बोलून स्टडी सेंटरच्या सुपरवायझरला किंवा कम्प्लायन्सला जाऊन जे झालं ते, जेवढं झालं तेवढंच, कागदावर. ट्यूटरची नोकरी बहुधा जाईल. जाऊ दे.

आणि ते चाळीस डॉलर परत केले म्हणून मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. ठेवले असते तर नियमभंग एकीकडे, वर परवानगीशिवाय काम केल्याचा आरोप दुसरीकडे. हे इतर वाचकांसाठीही सांगते, ज्यांची मुलं स्वतः खेळतात: जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि २०२५ पासून तर कॉलेजं स्वतः पैसे, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, खेळाडूंत वाटू शकतात, हे ऐकून आपली मंडळी हरखतात, पण एनसीएएने परवानगी दिली म्हणजे व्हिसाने दिली असं नव्हे. परड्यूचा झॅक ईडी, बास्केटबॉलमधला देशातला सर्वोत्तम खेळाडू, कॅनेडियन म्हणून एफ-वनवर होता, तर टीममधले बाकीचे कमावत असताना त्याला अमेरिकेत बसून असे करार जवळजवळ करताच आले नाहीत. एच-फोरवर तर विषयच नको.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. टीमसाठी काम करणारी मुलं, स्टुडंट मॅनेजर असो की व्हिडिओ आणि डेटा बघणारा इंटर्न, ह्यांना बेटिंगचे नियम खेळाडूंसारखेच लागतात. एनसीएए ज्या खेळांच्या स्पर्धा घेते त्यावर पैसे लावायचे नाहीत, एनएफएलवरसुद्धा नाही, आणि एंट्री फी भरून खेळायची फँटसी लीगही त्यातच. म्हणजे बाबांच्या ऑफिसच्या वीस डॉलरवाल्या ब्रॅकेटमध्ये (स्पर्धेत कोण जिंकेल ह्याच्या पैजेत) त्याचं नाव घालू नका. क्रिकेट एनसीएएच्या यादीत नाही, तेवढी आयपीएलची सूट आहे म्हणायची. पण त्याहून नाजूक म्हणजे रूममेटने ‘काय रे, अमक्याचा गुडघा बरा झाला का, शनिवारी खेळतोय का’ असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आतली बातमी पुरवणं हाही नियमभंगच.

धाकटीचं आता. टीमवर शिक्षा झाली म्हणून तिच्या डिग्रीला काही होत नाही. डिग्रीला धक्का लागतो तो वर्गच खोटे असले तर. नॉर्थ कॅरोलायनात (चॅपल हिल) १९९३ ते २०११ अशी तब्बल १८ वर्षं एका विभागात नावापुरते कोर्स चालले, लेक्चर नाही, प्राध्यापक भेटत नाहीत, शेवटी एक पेपर द्यायचा की वरची ग्रेड, ३१०० हून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू. गंमत म्हणजे एनसीएएने २०१७ मध्ये त्याबद्दल शिक्षा केली नाही, कारण काय तर ते कोर्स सगळ्यांनाच खुले होते! पण विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्थेने मात्र वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं होतं, आणि आपल्यासारख्यांनी घाबरायचं ते त्याला.

फीचं म्हणाल तर आता शिक्षेची पद्धत बदलतेय. बोल बंदीने नव्या पोरांचं नुकसान होतं हे एनसीएएलाही पटलंय, म्हणून टेनेसीला २०२३ मध्ये ८० लाख डॉलरच्या वर दंड केला पण बोल बंदी नाही, आणि मिशिगनला दुसऱ्या टीमच्या खेळातल्या इशाऱ्यांच्या खुणा चोरल्याबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये फुटबॉलच्या बजेटच्या १० टक्के आणि दोन सीझनचं पोस्टसीझनचं उत्पन्न असा दंड, टीम खेळायला मोकळी. असे दंड अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंट भरतं, मोठ्या कॉलेजात ते तिकिटं आणि टीव्हीच्या पैशातून. लहान कॉलेजात मात्र अ‍ॅथलेटिक्सचा बराच खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो, आणि खेळाडूंना वाटायला पैसे उभे करायचे म्हणून मोठेही आता त्या वाटेला लागलेत, क्लेमसनने २०२५ च्या फॉलपासून सेमिस्टरला १५० डॉलर लावले. तेव्हा तिचं अ‍ॅडमिशन लेटर आलं की ट्यूशनच्या आकड्यावर थांबू नका, मँडेटरी फी उघडून त्यात अ‍ॅथलेटिक फी वेगळी दाखवलीये का ते बघा, आणि नसेल दाखवली तर बर्सरला (फीचा हिशेब बघणारं ऑफिस) ईमेल करून विचारा, ते सांगतात.