आधी दिसले ते लिही

पुणे

प्रिय,

काल लॉ कॉलेज रस्त्यावर, चित्रपट संग्रहालयाच्या फाटकाशी, तू मला विचारलेस की व्हँपायर चित्रपटांवरच्या तुझ्या प्रबंधात ‘समलिंगी ओढ’ लिहावे की मार्गदर्शक सुचवतात तसे ‘प्रतीकात्मक जवळीक’. बस आली म्हणून मी तुटक बोललो, आणि ते रात्रभर मनाला लागून राहिले.

१९३६चा ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ पुन्हा लाव. त्यातली व्हँपायर काउंटेस चित्रासाठी बोलावलेल्या लिलीला खांदे उघडे करायला सांगते, तिच्याकडे पाहत राहते, अंगठी पुढे धरून जवळ येते, आणि कॅमेरा भिंतीवरच्या मुखवट्याकडे वळतो. आपल्याला ऐकू येते ती फक्त किंकाळी. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू होती आणि अशा ओढीची सूचनासुद्धा तिला मान्य नव्हती. तरी ती नजर चित्रपटात राहिली आहे. मग तुझ्या प्रबंधातून ती का जावी? आधी दिसले ते लिही.

तरुणपणी याच प्रसंगाला मी ‘मानसिक व्याधी’ म्हटले होते. काउंटेस स्वतःच मनोविकारतज्ज्ञाकडे सुटका मागते, हा माझा आधार होता आणि तो खोटा नव्हता. शिवाय तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ होते, संपादकांनी दुसरा शब्द छापला नसता, आणि घर माझ्या लिखाणावर चालत होते. हे सारे खरे आहे. तरीही मी ती नजर पाहिली होती आणि लिहिली नाही. माझ्या एका जिवलग मित्राने तो लेख वाचला. त्यानंतर तो माझ्याशी चित्रपटांविषयी कधीच बोलला नाही.

व्हँपायर म्हणजे खुनी, त्यात आपल्या माणसांना शोधणे अपमानाचे नाही का, हा तुझा प्रश्न मोलाचा आहे. पण शब्द मवाळ केल्याने तो सुटत नाही. लिली मरते, तेही दिसते, तेही लिही. १९८३च्या ‘द हंगर’मध्ये कॅथरीन देनव आणि सुझन सॅरंडन एकमेकींना जवळ घेतात तेव्हा आपल्याला कोणताही मुखवटा दाखवला जात नाही. २०२२च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ मालिकेत लुई आणि लेस्टॅट उघडपणे प्रियकर आहेत, संसार करतात आणि एकमेकांना घायाळही करतात. याला प्रतीक कशाला म्हणायचे? आधी दिसले ते लिही, किती वेळा सांगू!

शनिवारी प्रकरण घेऊन ये. मार्गदर्शकांचा शब्द हवा तर तळटीपेत ठेव. माझा जुना लेख मी काढून ठेवतो; त्याचे खंडन माझे नाव घेऊन कर.

तुझा,
सर