फायबर असताना क्वांटम किल्ली पाठवायला उपग्रह कशाला?

कारण गुप्त संदेशांचं कुलूप उघडणारी ही किल्ली एकेका फोटॉनवर (प्रकाशकणावर) पाठवतात, आणि फायबरमध्ये फोटॉन वाटेतच हरवतात: चांगल्या फायबरमध्येही 100 किलोमीटरनंतर शंभरातला जेमतेम एक उरतो, आणि क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नसल्याने नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) कामाचा नाही. उपग्रहाकडून येताना दाट हवा फक्त शेवटच्या दहाएक किलोमीटरची. चीनने 2016 मध्ये सोडलेल्या मिशियस उपग्रहाने 2017 मध्ये बीजिंग आणि व्हिएन्नाला किल्ल्या पोचवल्या; त्यांवर सुरक्षित व्हिडिओ कॉलही झाला. मात्र तिथे किल्ली उपग्रहालाही कळते, म्हणजे तो चालवणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो; माझ्या मते खरी मेख हीच. 2020 च्या प्रयोगात 1120 किलोमीटर दूरच्या दोन केंद्रांना एन्टँगल्ड (क्वांटम नात्याने एकमेकांशी जोडलेले) फोटॉन पाठवून ही अट काढली, पण वेग सेकंदाला 0.12 बिट एवढाच.